राखणदाराची डागडुजी

१

सप्टेंबर संपत आला की आमच्या गावात लोक भोपळे आणतात, मी पुट्टी आणते. गॅरेजमध्ये वर्षभर झाकून ठेवलेली भुतं एकेक करून उजेडात घ्यायची, ओल्या फडक्याने पुसायची, कुठे तडा गेलाय, कुठे रंग उडालाय, उंदराने कुठे तोंड घातलंय ते बघायचं आणि हॅलोविनच्या आत सगळ्यांना परत अंगणात उभं करायचं. दुकानातली प्लास्टिकची भुतं पहिल्या पावसातच मान टाकतात. आमची तशी नाहीत. आत नळाच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि वरून भुताच्या चिखलात बुडवून नेसवलेलं गोणपाट. भुताचा चिखल म्हणजे काय, तर भिंतीची पुट्टी आणि घराला लावून उरलेला रंग, दोन्ही एका बादलीत घालून हाताने कालवायचं. वाळलं की दगड होतो. मग बर्फ पडो नाहीतर गारा.

लोक गाड्या भरभरून बघायला येतात. "कमाल आहे हं तुमची!" म्हणतात, पोरांचे फोटो काढतात, माझ्या हिरवळीवर चॉकलेटचे कागद टाकतात आणि जातात. ते कौतुकही माझ्या वाट्याला कधी आलं नाही. ते सगळं नवऱ्याचं. आता डेल्मर गेला, एप्रिलमध्ये, झोपेतच. मी रडले नाही. गाव म्हणालं, काय धीराची बाई आहे. म्हणू दे.

यंदा मी कशालाच हात लावणार नव्हते. पण अर्लीनचा फोन आला. अर्लीन माझी नणंद, डेल्मरची धाकटी बहीण. गावातल्या प्रत्येक समितीवर ती असते आणि प्रत्येक समिती तिला टरकून असते.

"लोर्ना, अग्निशमन केंद्रासमोर आपण तुमच्या अंगणातला राखणदार उभा करतोय. कायमचा. डेल्मरची आठवण म्हणून. खाली काँक्रीट, वरून रेझिनचे थर, वाळलं की काचेसारखं कडक. आपण मेलो तरी तो हलणार नाही."

"मला कुणी विचारलं?"

"आत्ता विचारतेय की! शनिवारी केंद्रातली मुलं ट्रक घेऊन येतील. तोवर तू तडेबिडे बुजवून ठेव."

हिचं विचारणं हे असं. फोन ठेवून मी गॅरेजची किल्ली शोधायला लागले.

२

बाकीची भुतं पाइपांवर उभी आहेत. राखणदार हे भूत तेवढं डेल्मरच्या अंगावर बेतलेलं.

त्याची एक रीत असते. माणसाला जुने कपडे घालायचे आणि पायापासून डोक्यापर्यंत रुंद चिकटपट्टी गुंडाळत जायचं, थरावर थर. कडक झालं की मानेपासून कमरेपर्यंत पाठीवर कात्रीने चिरायचं. माणूस मागून बाहेर येतो आणि त्याचा आकार जागेवर राहतो. त्यावर मग गोणपाट आणि चिखल. हे काम करणारे सगळे एक गोष्ट बजावून सांगतात, गुंडाळताना गुडघे ताठ ठेवू नकोस, चक्कर येईल. मीही सांगितलं होतं. पण डेल्मरला सांगून उपयोग? तो बडबडत होता, हसत होता, प्रत्येक भुताला नाव ठेवून त्याच्याशी भांडत होता. "मला चांगला घट्ट गुंडाळ गं, नाहीतर मी पळून जाईन," म्हणाला. ऑगस्टचा उकाडा. अर्लीन खाली बसून पाय गुंडाळत होती, मी छाती. चेहराही झाकला, डोक्यावरून पातळ मोजा ओढून, नाक तेवढं मोकळं ठेवलं.

आणि तो बोलता बोलता गप्प झाला. सगळं अंग आमच्यावर रेललं. अर्लीनने पाय धरले, मी खांद्याने त्याला रेटून धरलं आणि कात्री चालवली. कशी चालवली, देव जाणे.

तो मागून बाहेर आला. पायरीवर बसला. "पाणी," म्हणाला. मी पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्याने पेला परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "थँक यू."

त्याआधी डेल्मर मला कधी थँक यू म्हणाला नव्हता. माझ्या ताटातला बेकन पळवायचा, मानेत तोंड खुपसायचा, पण थँक यू? आणि ते म्हणाला कसं, तर बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतात तसं.

त्यानंतर वीस वर्षं मी त्या थँक यूबरोबर संसार केला. माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारू प्यायला नाही, घास गिळून ताट नीट धुऊन ठेवायचा. रात्री पलंगाच्या त्याच्या बाजूला सरळ झोपायचा, सकाळी तसाच उठायचा. अंथरुणाला सुरकुती नाही. मी विनोद केला तर तो संपेपर्यंत थांबायचा आणि मग वर्तमानपत्र उचलायचा. डॉक्टर म्हणाले, काच कारखाना बंद पडला ना, त्याचं मनाला लागलंय. पाद्री म्हणाले, धीर धरा. खरंच त्याच महिन्यात कारखाना बंद पडला होता. मी स्वतःला तेच सांगत राहिले. नोकरी गेलेली माणसं बदलतात, यात नवल ते काय?

चिखलात मात्र त्याने परत कधी हात घातला नाही. आधी कोपरापर्यंत बरबटायचा. नंतर अंगणात उभा राहून लोकांचं कौतुक ऐकायचा, मान डोलवायचा, इतकंच. राखणदारावर गोणपाट चढवलं ते मी. दरवर्षीची डागडुजी माझी. त्याने फक्त पाठीवरचा चोगा, चिखलात बुडवून वाळवलेल्या गोणपाटाचा, खांद्यांवर स्क्रूने आवळला. "पाठ मी बंद केलीये," म्हणाला. "तिकडे बघायची गरज नाही." मी बघितलं नाही.

३

राखणदाराला तडे जातात ते दोनच जागी. तोंडापाशी आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना. दरवर्षी तिथेच. मी म्हणायची, थंडीने होतं, पाणी शिरतं, गोठतं, फुगतं. आणि बुजवायची. एकावर एक इतके थर झालेत की ओठ राहिलेच नाहीत, नुसता गुळगुळीत उंचवटा आहे.

सोमवारी सकाळी चादर ओढली, तर तोंडाचा तडा होता, पण बुजवलेला होता.

मला वाटलं, जायच्या आधी त्यानेच कधी बुजवला असेल. मेल्यानंतर का होईना, एक काम केलेलं आढळलं! मग मी बोट लावलं. ओलं होतं.

पुट्टी रात्रभरात वाळते. एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाने लावलेली पुट्टी ऑक्टोबरच्या तोंडावर ओली कशी? बादली कोपऱ्यात उपडी, तिच्या बुडाला वाळलेल्या पुट्टीच्या खपल्या. गॅरेजला कुलूप, किल्ली माझ्या एप्रनमध्ये.

आणि त्याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. बाहेरून पुट्टी लावली तर बाहेर सपाट होते आणि जास्तीची आत सरकते. वर्षानुवर्षं हेच करतेय मी, डोळे मिटून सांगेन. इथे उलटं होतं. जास्तीची पुट्टी फटीतून बाहेर आली होती आणि तिच्या कडा माझ्याकडे वळल्या होत्या. ती पलीकडून दाबलेली होती.

मी तशीच अर्लीनला बोलावून आणलं. तिने दारातूनच बघितलं, आत पाऊल टाकलं नाही.

"दमट हवा आहे," म्हणाली.

"हवा पुट्टी लावते का, अर्लीन?"

"तू जेवलीस का नीट? एकटी राहतेस, डबे गरम करून खातेस. डोकं चालणार कसं!" आणि गाडीची किल्ली वाजवत वळली. "शनिवार लक्षात ठेव."

४

मी स्क्रूड्रायव्हरने ती ओली पुट्टी उकरली. नाण्याएवढं भोक पाडलं. आत अंधार. वास आला तो जुन्या कपड्यांचा, घामाचा. मेलेल्या उंदराचा असता तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी भोक बुजलेलं होतं. परत उकरलं. बुधवारी परत बुजलं, आणि या खेपेला हात सफाईदार होता. बाहेर आलेली पुट्टीही कुणीतरी भोकातून बोट काढून सारखी केली होती. अंगठ्याने, ओल्या अंगठ्याने, आणि शेवटी वर झटका देऊन. तिथे एक छोटी शेपटी उमटली होती.



मी पत्र्याच्या पट्टीने पुट्टी लावते. गावात सगळेच पट्टीने लावतात. अंगठ्याने लावून शेपटी सोडणारा मी जन्मात एकच माणूस पाहिला. मी त्यावरून त्याला किती बोलायची! "अरे, भूत आहे की डुकराचं पिल्लू? शेपट्या कसल्या काढतोस?" त्यावर तो चिखलाचा हात माझ्या गालाला पुसायचा.

मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. मी जुळवत नव्हते, थांबवत होते. एप्रिलमध्ये शवपेटी उचलताना गड्यांनी एकमेकांकडे बघितलं होतं. जोर लावून उचलायला गेले आणि पेटी झटक्यात वर आली. तेव्हा वाटलं, आजारी माणूस, झिजला असेल. पण तो आजारी कुठे होता? आणि राखणदार. आतून पोकळ, चिकटपट्टी आणि गोणपाट, तरी त्याला गॅरेजमधून अंगणात न्यायला दरवर्षी शेजारचे दोघे लागायचे.

माझा माणूस आत गेला होता. बाहेर आलं ते दुसरंच काहीतरी. त्याला मी वीस वर्षं जेवायला वाढलं आणि माझ्या माणसाला पावसात उभं केलं. तो तोंडापाशी खरवडायचा, बोटांनी खरवडायचा, तडे पडायचे, आणि मी दर सप्टेंबरला बादली घेऊन हजर. टिकाऊ काम म्हणून मिरवायची!

मला त्या दिवशी जे रडू आलं ते एप्रिलमध्ये यायला हवं होतं.

५

मग मी त्याच्याशी बोलायला लागले. लाज कसली? ऐकायला होतं कोण?

"डेल्मर, तो दुसरा मेलाय. घरात कुणी नाही. तू ये बाहेर." भोकाशी तोंड नेऊन सांगायची. "मी म्हातारी झालेय, बघून घाबरू नकोस. गुडघे गेलेत. पण मी तीच आहे." त्याच्या आवडीचं सगळं सांगितलं. कोबीच्या भाजीत सॉसेज घालून ठेवलंय म्हणाले, आणि खरंच ठेवलं. आतून कधी काही घासल्यासारखं वाजायचं. मी भोकाला कान लावायची. मग पुन्हा सामसूम.

मला एकच कळत नव्हतं, मी उघडतेय तर हा बंद का करतोय? सवयीने करत असेल, असं मी ठरवलं. इतकी वर्षं माझं बघून शिकला असेल. अंधारात माणसाचं डोकं फिरतं. शनिवारच्या आत त्याला बाहेर काढायचं. एकदा रेझिन चढलं, काँक्रीट ओतलं की कुणाचा बाप त्याला बाहेर काढू शकणार नाही.

गुरुवारी दुपारी अर्लीन रेझिनचे डबे ठेवायला आली आणि मी बोलताना सापडले. मला वाटलं, आता ही मला वेड्यात काढणार. तिने डबे खाली ठेवले, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

"त्या दिवशी मी पाय धरले होते, आठवतं?"

"आठवतं."

"तू पाठ चिरलीस. तो बाहेर आला, पायरीवर बसला, पाणी प्यायला. मी समोर बघत होते त्याच्याकडे." तिने ओठ चावला. "आणि पाय अजून माझ्या हातात होते. भरलेले. गरम."

 मी म्हटलं, "वीस वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"काय सांगणार होते? उकाडा होता, मलाही गरगरत होतं. वाटलं असेल." मग एकदम भडकली. "आणि सांगितलं असतं तर तू काय करणार होतीस गं? वेड्यांच्या इस्पितळात मी भावाला टाकायचं होतं, की तुला? आहे ते राहू दे. म्हणून तर म्हणते काँक्रीट. हे डबे घे. दोन थर लाव. तीन लाव."

स्मारक म्हणे! मी तिला दाराकडे बोट दाखवलं. ती गेली, पण डबे ठेवून गेली.

६

शुक्रवारी सकाळी तोंडाचं भोक परत बंद होतं. बोटांचे तडेसुद्धा. सगळीकडे शेपट्या, एकापेक्षा एक सुबक. पुढून काही जमायचं नाही हे मला कळलं. राहिली पाठ.

चोग्याचे स्क्रू गंजून बसले होते. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, हाताची साल निघाली. दारातून चांगलं ऊन येत होतं, रस्त्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, समोरच्या घरी पानं गोळा करायचं यंत्र घरघरत होतं. शेवटचा स्क्रू सुटला आणि चोग्याचं ते कडक फळकूट माझ्या अंगावर आलं. मी ते बाजूला टेकवलं.

पाठ बंद केलेली नव्हतीच.

मी त्या दिवशी चिरलं होतं तसंच होतं. मानेपासून कमरेपर्यंत, माझ्याच कात्रीची वाकडी रेघ. कुणी पट्टी लावली नव्हती, टाका नव्हता, चिखलाचा थेंब नव्हता. वर चोगा होता, पण तो खालून घागऱ्यासारखा मोकळा. दोन पावलं मागे सरकून वाकलं की माणूस बाहेर. लहान मूलही आलं असतं.

मला ते समजायला वेळ लागला. मी आधी आनंदाने त्या फटीत दोन्ही हातांची बोटं घातली आणि कडा फाकवल्या. ऊन माझ्या खांद्यावरून आत गेलं.

मान दिसली. तरुण माणसाची मान, घामाने चिकटलेले बारीक केस, आणि केसांची ती तिरकी रेघ. त्या उन्हाळ्यात मीच त्याचे केस स्वयंपाकघरात कापले होते आणि मागे तिरके गेले होते. तो म्हणाला होता, जाऊ दे गं, मला थोडंच दिसणार आहे.

"डेल्मर," मी म्हटलं.

मान ताठ झाली. त्याने ऐकलं. ऐकलंच. पण तो वळला नाही.

"डेल्मर, अरे, मी आहे."

मग त्याचा हात मागे आला. खांद्यावरून नाही, खालून, कमरेकडून, चाचपडत. कोपरापर्यंत चिखलाने भरलेला. तो फटीच्या कडेवरून वर सरकत माझ्या बोटांपर्यंत आला आणि थांबला. माझी अंगठी त्याने चाचपली. मला ओळखलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी रडत होते, हसतही होते.

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. दुखवलं नाही. खाऊ घट्ट धरून बसलेल्या पोराची बोटं सोडवतात तशी, हळूच. सगळी सोडवून झाली तेव्हा त्याने कडा एकमेकींना लावल्या आणि अंगठ्याने चिखल भरत वर गेला. कमरेपासून मानेपर्यंत. प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी एक झटका. मी तिथेच उभी राहून बघत होते, हात तसेच पुढे धरून.

मी त्याला कोंडलं म्हणून तीन दिवस ऊर बडवला होता. कोंडलं असतं तर बरं झालं असतं.

७

शनिवारी ट्रक आला. चार धिप्पाड पोरं उतरली. त्यांनी राखणदाराला हात घातला आणि त्यांची तोंडं लाल झाली.

"मिसेस टोमको, आत काय भरलंय हो?"

"उचला मुकाट्याने," अर्लीन खेकसली. ती मागून चालत होती. ट्रकवर चढवताना तिने आधाराला म्हणून पाठीवर हात ठेवला आणि तो खालपासून वरपर्यंत फिरवला. "चोगा काढलास होय? पण पाठ सुरेख केलीस हं, लोर्ना. सांधा हाताला लागत नाही."

"मी नाही केली."

तिने हात काढून घेतला. माझ्याकडे बघितलं, मग त्या पाठीकडे, मग कोटाला हात पुसला. पोरं दोर आवळत होती. त्यांच्यातला एक जण विचारत होता की रेझिन इथेच लावायचं की तिकडे उभं केल्यावर. अर्लीन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, मी आता ट्रकपुढे आडवी पडेन. कालपर्यंत पडलेही असते.

"तिकडे लावा," मी त्या पोराला म्हटलं. "आणि जाड लावा. तळालासुद्धा."

मग मी घरात आले, कोबीची ती भाजी कचऱ्यात ओतली आणि भांडं घासून ठेवलं.